सावध दृष्टी

इ. स. २००१ च्या ऑक्टोबर महिन्याची २ तारीख. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात एका रुग्णालयात पहाटे ६३ वर्षे वयाच्या एका गृहस्थांना आणण्यात आले. त्यांना ताप होता, वांत्या होत होत्या व ते असंबद्ध बोलत होते. मेंदूच्या आवरणाला सूज आली असावी, असा डॉक्टरांचा तर्क झाला. म्हणून पाठीच्या कण्यातील थोडे पाणी काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यात आले.

संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ डॉ. लॅरी बुश यांनी ते पाहिले. अशा दुखण्यात बहुधा लहान व गोल जंतू आढळतात; येथे मात्र मोठे, काडीसारखे जंतू होते! ते अँथ्रॅक्सचे, म्हणजे सांसर्गिक काळपुळीचे असावेत, अशी शंका त्यांना आली. हा मुख्यतः गुराढोरांचा व शेळ्यामेंढ्यांचा रोग होय. रोगी जनावरांशी, त्यांच्या कातड्याशी वा लोकरीशी संबंध आल्यास तो माणसास होतो. हे गृहस्थ तर वृत्तपत्राच्या कचेरीत छायाचित्रांचे काम पाहत. मग त्यांना हा रोग जडला कसा?

‘आपलीच काही चूक होत असेल,’ असे म्हणून ती शंका सोडून देणे सोपे होते. परंतु डॉ. बुश यांनी त्याच दिवशी आरोग्याधिकाऱ्यांना कळविले. ४ ऑक्टोबरला निदान पक्के झाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्याच दिवशी रुग्णाचा अंत झाला.

त्यांचे प्राण वाचले नाहीत. पण इतरांस इशारा मिळाला. त्यांच्या कचेरीत तेच जंतू सापडले. पुढे अन्य शहरांत जंतूंची भुकटी भरलेली पत्रे हाती लागली. कोणीतरी हेतुपुरस्सर रोग पसरवीत होते! एकूण २२ जणांना हा रोग झाला व त्यांपैकी ५ जण दगावले. भुकटीशी संबंध आला असण्याचा संभव होता, अशा सुमारे १०,००० लोकांना रोग होण्यापूर्वीच औषध घेण्यास सांगण्यात आले.

रोग कोणी मुद्दाम पसरविला, हे रुग्णाच्या तापावरून कळत नाही. जो रोग जेथे होऊ नये तेथे तो दिसला, किंवा एकाच ठिकाणची अनेक माणसे एकाएकी सारखीच आजारी पडली, की ‘असे का?’ हा प्रश्न विचारावा लागतो. तो वेळीच विचारणे व आपली शंका न लपविणे, यातच अनेकांचे रक्षण असते.

स्वाध्याय
१. डॉ. बुश यांना कोणती शंका आली? का?
२. रुग्ण दगावला, तरी ती शंका उपयोगी कशी ठरली?
३. वाक्यांत उपयोग करा : असंबद्ध, हेतुपुरस्सर, एकाएकी.