यंत्राला कळते, माणसालाही कळावे

‘८६ २३ ०५ सी२’ हे वाचून काही बोध होतो का? इंटेल कंपनीने १९७६ साली आणलेला ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर मात्र त्यातून चार आज्ञा ओळखतो. आपल्या सोयीसाठी असेंब्ली भाषेत या आज्ञांना छोटी नावे दिलेली असतात. पाच विषयांच्या गुणांची बेरीज करणारा हा तुकडा पाहा. अर्धविरामापुढची टीप फक्त माणसासाठी असते. यंत्र ती पाहतही नाही. शेवटच्या चार ओळी म्हणजेच वरचे आकडे.

एलएक्सआय एच, गुण ; यादीचा पत्ता
एमव्हीआय बी, ५ ; विषय पाच
एमव्हीआय ए, ० ; बेरीज शून्यापासून
मिळव: एडीडी एम ; या विषयाचे गुण मिळवा
आयएनएक्स एच ; पुढचा विषय
डीसीआर बी ; एक विषय कमी
जेएनझेड मिळव ; विषय उरले तर परत

बोम आणि याकोपिनी यांनी १९६६ साली दाखवून दिले, की क्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तीन रचनांतून कोणताही प्रोग्रॅम बांधता येतो. वाटेल तिथून वाटेल तिथे उडी मारल्याने प्रोग्रॅम समजणे अवघड होते, असा इशारा डाइक्स्ट्रा यांनी १९६८ साली दिला. असेंब्लीत मात्र पुनरावृत्तीही उडी मारूनच करावी लागते! मग शिस्त कोणी पाळायची? अर्थात लिहिणाऱ्याने. फेऱ्यात शिरण्याची वाट एकच आणि बाहेर पडण्याचीही एकच असावी. समजा, दुसरीकडून कोणी थेट ‘मिळव’वर उडी मारली आणि तेव्हा ‘बी’मध्ये शून्य असले, तर? शून्यातून एक वजा होऊन तिथे २५५ येतील आणि पाचाऐवजी २५६ फेरे होतील. यंत्र तक्रार करणार नाही.

आता टिपांकडे वळू. ‘ए’मध्ये २५५ पर्यंतचीच संख्या मावते. प्रत्येक विषय ५० गुणांचा असेल, तर बेरीज २५० च्या पुढे जात नाही. काम बिनबोभाट चालते. पुढे परीक्षा १०० गुणांची झाली, की ३०० गुण मिळवणाऱ्याच्या नावापुढे ४४ लागतील! ‘प्रत्येक विषय कमाल ५० गुणांचा’ एवढी टीप असती, तर बदल करणारा सावध झाला असता. आज्ञा काय करते हे आज्ञाच सांगते. ती तशी का लिहिली, हे टिपेने सांगावे.

करून पाहा : टिपा झाकून हा तुकडा मित्राला द्या आणि त्याला तो समजायला किती वेळ लागतो ते मोजा. आठ दिवसांनी तो मित्र तुम्ही स्वतःच असाल!