अपेंडिक्स फुटलंय का? रक्ततपासणीवर किती खर्च करावा

बेंबीभोवती सुरू झालेलं दुखणं काही तासांत उजवीकडे खाली सरकलं, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, अशा वेळी डॉक्टर तपासण्यांची यादी हातात देतात. आधीच धास्तावलेल्या घरच्यांना त्यातलं काय गरजेचं आणि काय टाळता येईल, ते कळत नाही.

सीबीसी आणि सीआरपी या दोन तपासण्या तर हव्यातच. शहरातल्या खासगी लॅबमध्ये सीबीसीला साधारण दोनशे ते चारशे रुपये पडतात, सीआरपीला तीनशे ते सहाशे. रात्री-अपरात्री किंवा हॉस्पिटलच्याच लॅबमध्ये याहून जास्त लागतात. या दोन्हींतून सूज आणि संसर्ग किती आहे ते कळतं. त्यांच्या जोडीला त्याच रक्तातून बिलिरुबिन आणि सोडियम करून घ्यावं, असा माझा आग्रह आहे. अपेंडिक्स सडलेलं किंवा फुटलेलं असेल तर बिलिरुबिन वाढलेलं आणि सोडियम उतरलेलं बऱ्याचदा आढळतं. भूल देण्याआधी या तपासण्या बहुतेक ठिकाणी होतातच, त्यामुळे त्या आधीच करून घेतल्या तर वेगळा खर्च फारसा पडत नाही. प्रोकॅल्सिटोनिन मात्र महागडी तपासणी आहे, काही हजारांत जाते. ती लिहून दिली असेल तर निकालामुळे उपचारात काय बदलणार, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

समजा, रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी १६,८०० आहेत (साधारण ४,००० ते ११,००० असाव्यात), न्यूट्रोफिल ८६ टक्के, लिम्फोसाइट ८ टक्के, सीआरपी १४०, बिलिरुबिन १.९ आणि सोडियम १३१. ८६ ला ८ ने भागलं की पावणेअकराच्या आसपास उत्तर येतं. हे गुणोत्तर जितकं मोठं तितकी गुंतागुंतीची शंका बळावते, आणि त्यासाठी जादा पैसा लागत नाही. इथे सगळे आकडे एकाच दिशेला बोट दाखवताहेत, तेव्हा सर्जनला लगेच गाठायला हवं. सीआरपीचं एककही नीट बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही प्रति डेसिलिटर, आणि दोन्हींत दहापट फरक पडतो. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून वाचताना इथेच घोटाळा होतो.

रक्ताचे हे आकडे शंका वाढवतात किंवा कमी करतात, शिक्कामोर्तब करत नाहीत. दुखणं सुरू झाल्यावर पहिल्या काही तासांत सीआरपी नॉर्मल येऊ शकतं. बिलिरुबिन काहींचं उपाशीपोटी एरवीही थोडं वाढलेलं असतं, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी सोडियम उतरतं. म्हणून सोनोग्राफी, आणि ती अस्पष्ट असेल तर सीटी स्कॅन लागू शकतो. त्याचा खर्च काही हजारांत जातो. रिपोर्ट नॉर्मल आहे पण पोटदुखी वाढतेय, ताप चढतोय, तर घरी थांबू नका. तीव्र कळ अचानक थांबून मग सगळं पोट दुखू लागलं, तर अपेंडिक्स फुटलं असण्याची शक्यता असते. अशा वेळी १०८ ला फोन करा.

फुटलेल्या अपेंडिक्ससाठी मुक्काम लांबतो, शिरेतून प्रतिजैविकं जास्त दिवस द्यावी लागतात, कधी पोटात नळी ठेवावी लागते. म्हणून एस्टिमेट घेताना साध्या आणि गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेचा खर्च वेगवेगळा मागा.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. खासगी हॉस्पिटलात दाखल होत असाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमची केस बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. विमा असेल तर दाखल होण्याआधीच्या तपासण्यांची बिलं, रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकत्र ठेवा. बऱ्याच पॉलिसींत दाखल होण्याआधीच्या महिनाभराचा असा खर्च मिळतो.