रूळ जेथे संपतात

मिरजेहून येणारा लोहमार्ग कोल्हापुरास येऊन संपतो. पुढे सह्याद्रीचे डोंगर आहेत आणि त्यांच्या पलीकडे कोकण.

हा मार्ग सन १८९१ मध्ये सुरू झाला. तो कोल्हापूर संस्थानाने बांधविला होता. पुढे १८९५ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली आणि येथील गुळाच्या व्यापाराला आगगाडीची जोड मिळाली.

परंतु या मार्गाची एक मोठी अडचण होती. तो मीटरमापी होता. म्हणजे त्याच्या दोन रुळांत एक मीटर अंतर होते. पुण्याहून मुंबईस जाणारा मार्ग मात्र रुंदमापी. त्याच्या रुळांतील अंतर १.६७६ मीटर. एका मार्गावरची गाडी दुसऱ्यावर चालणार कशी? म्हणून पुण्यास उतारूंना गाडी बदलावी लागे आणि माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. त्यात वेळ जाई व हमालीही वाढे. १९७१ मध्ये कोल्हापूरपर्यंतचा मार्ग रुंदमापी झाला, तेव्हा ही अडचण दूर झाली.

मुलांनो, अशा सुधारणा आपोआप होत नाहीत. कोकणचेच पाहा. तेथे रेल्वे यावी म्हणून बॅरिस्टर नाथ पै यांनी लोकसभेत वारंवार आवाज उठविला. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. प्राध्यापक मधू दंडवते यांनी ते काम पुढे नेले. अखेर १९९८ मध्ये सुमारे ७४० किलोमीटर लांबीची कोकण रेल्वे पूर्ण झाली. याच दंडवत्यांनी रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी बाकांवर गाद्या बसविण्याचा निर्णय घेतला.

कोल्हापूर आणि कोकण रेल्वेवरील वैभववाडी यांना जोडावे, ही मागणीही जुनीच आहे. २०१६-१७ च्या रेल्वे अंदाजपत्रकात या सुमारे १०७ किलोमीटरच्या मार्गाचा समावेश झाला. पण रूळ अद्याप पडलेले नाहीत.

मग नागरिकांनी काय करावे? प्रथम माहिती गोळा करावी. ‘गाड्यांची फार गैरसोय होते’ एवढेच लिहिलेल्या अर्जाला अधिकारी काय उत्तर देणार? कोणती गाडी, कोणत्या दिवशी, किती उशिरा आली. किती उतारू उभे होते. किती माल पाठवावयाचा आहे, हे अर्जात नेमके लिहावे. रेल्वेच्या प्रत्येक विभागात उपभोक्ता सल्लागार समिती असते. तिच्या बैठकीत प्रवासी व व्यापारी यांचे प्रतिनिधी अधिकाऱ्यांपुढे अशा मागण्या मांडू शकतात.

मागणी करणाऱ्यावर जबाबदारीही येते. एका वाघिणीत सुमारे ६० टन माल मावतो. वाघिणी मागवून त्या भरल्याच नाहीत, तर पुढच्या वेळी आपला शब्द कोण मानील? नवी गाडी मिळाली आणि लोक तिकिटावाचून बसले किंवा डबे घाण करू लागले, तर आपलीच बाजू लंगडी पडेल.

आज मागणी केली म्हणजे उद्या गाडी येते, असे होत नाही. नाथ पै यांना कोकणची रेल्वे पाहावयास मिळाली नाही. तरी त्यांनी मागणी सोडली नाही, म्हणून पुढच्या पिढीला त्या गाडीत बसता आले.

स्वाध्याय : तुमच्या जवळच्या स्थानकावर प्रवाशांची कोणती अडचण आहे? आठवडाभर तिची नोंद ठेवा आणि स्थानकप्रमुखांना विनंतीचा अर्ज लिहा.