आपल्या विजेचा कचरा कुठे पडतो?



स्वच्छ सर्वेक्षणात आपले इंदूर 2017 पासून सलग सात वेळा पहिले आले. ओला-सुका कचरा वेगळा ठेवणे आपल्या मुलांच्या अंगवळणी पडले आहे. पण आपला एक कचरा आपल्याला दिसतच नाही, कारण तो दुसऱ्यांच्या गावात पडतो. तो आपल्या विजेचा.

भारतातील सुमारे तीन-चतुर्थांश वीज अजूनही कोळशातून येते. आपल्या प्रदेशात खंडवा जिल्ह्यातील श्री सिंगाजी, बैतूल जिल्ह्यातील सारणी, सिंगरौलीचे विंध्याचल ही अशी मोठी केंद्रे आहेत. एक युनिट विजेला साधारण 650 ग्रॅम कोळसा लागतो आणि त्यातील जवळजवळ तिसरा हिस्सा राखच असते. बहुतेक राख केंद्रातील यंत्रे पकडतात. सुटतात ते अगदी बारीक कण, आणि कोळशातील गंधक जळून झालेला सल्फर डायऑक्साइड. हा वायू वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातो व वाटेत त्याचेही बारीक कण बनतात. अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे पंचविसावा भाग! ते नाकात अडत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात, काही रक्तातही उतरतात. दमा बळावतो, हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका वाढतो. मुलांची फुफ्फुसे वाढत असतात, म्हणून त्यांना त्रास अधिक.

या वायूवर मर्यादा घालणारा नियम 2015 साली झाला. मुदती वाढत गेल्या आणि 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना त्यासाठीची यंत्रे बसवण्यातून सूट मिळाली. तेव्हा कोळसा जाळावाच लागू नये, हाच उपाय आपल्या हातचा.

आता थोडे गणित. समजा एखाद्या शाळेत 75 वॅटचे 80 पंखे आहेत आणि मधल्या सुट्टीत अर्धा तास रिकाम्या वर्गांत फिरत राहतात. रोजची 3 युनिट झाली. वर्षाचे 220 दिवस धरले तर 660 युनिट, म्हणजे सुमारे 430 किलो कोळसा. त्यातली राख 140 किलोच्या घरात. हे फक्त सुट्टीतल्या अर्ध्या तासाचे! भर उन्हाळ्यात वर्ग चालू असताना पंखे बंद करून मुलांना घामाघूम करावे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही.

इंदूरच्या स्वतःच्या हवेत रस्त्यांची धूळ व वाहनांचा धूर असतोच. तो पंखे बंद करून जाणार नाही. मात्र वीज गेल्यावर डिझेल जनरेटर लावला तर त्याचा धूर अंगणातच, मुलांच्या नाकासमोर सुटतो. तेथे बचतीचा लाभ त्याच दिवशी दिसतो.

विश्वस्त मंडळींनी पंखे बदलताना 30 वॅटच्या नव्या पंख्यांचा विचार जरूर करावा. किंमत जास्त, पण वीज निम्म्याहूनही कमी.

आठवीच्या विद्यार्थ्यांनी 80 पंखे रोज पाच तास धरून वर्षाची बचत काढावी आणि वहीत युनिट, कोळसा व राख असे तीन आकडे लिहून आणावेत.