खालून पांढरी दोन कोण धरतंय?

तालमीत पेटीवाले काका वाजवता वाजवता थांबले आणि म्हणाले, "अरे, खालून पांढरी दोन कोण धरून बसलंय?"

कोणीच बसलं नव्हतं. माझ्या लॅपटॉपमधून एकच सूर चालू होता: पांढरी एक, पण पेटीच्या पट्ट्या जिथे संपतात त्याच्याही वरची, 2093 हर्ट्झची. दिग्दर्शिकेला नाटकातल्या एका प्रवेशाखाली तारेसारखा ताणलेला सूर हवा होता आणि तो मी प्युअर डेटा या आवाज घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवला होता. मी म्हणालो, "काका, भास होतोय तुम्हाला." सत्तरी ओलांडलेल्या, पन्नास वर्षं पेटी वाजवणाऱ्या माणसाला! हे वाक्य मला अजून टोचतं, म्हणून आधीच कबूल करून मोकळा होतो. बाकीच्या गोष्टीत मात्र दोष माझा एकट्याचा नाही.

त्या सुराचा पॅच, म्हणजे प्युअर डेटातली जोडणी, मी एका कार्यशाळेत शिकलो. दोन दिवस, साडेचार हजार रुपये. सरांनी फेझर, म्हणजे 0 ते 1 चढून पुन्हा 0 वर येणारा ऑब्जेक्ट, टाकला, त्यातून 0.5 वजा केले, आउटपुटला जोडला आणि म्हणाले, "ही झाली तुमची सॉटूथ." आवाज भरदार आला, आम्ही माना डोलावल्या. दोन्ही दिवस सगळी प्रात्यक्षिकं 110 हर्ट्झवर झाली. मी विचारलं होतं, "सर, वरच्या सुरांत हाच आवाज थोडा खरखरीत का येतो?" उत्तर मिळालं, "जेवून घेऊ या आधी." जेवणानंतर विषय रिव्हर्बवर गेला.

तालमीनंतर सरांना रेकॉर्डिंग पाठवलं. त्यांचा फोन आला: "डिजिटल आहे ना, असाच वाजणार. साउंड कार्ड चांगलं घे." घेतलं. 18,000 रुपये गेले. आवाज तोच, फक्त ती पांढरी दोन आता जास्त स्वच्छ ऐकू यायला लागली.

मग मी लो-पास फिल्टर लावला. एक लावला, दोन लावले, चार लावले. वरचा सूर गोधडीखाली कोंबल्यासारखा झाला आणि खालची घरघर जशीच्या तशी. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. लो-पास वरचं कापतो आणि माझा पाहुणा खाली बसला होता.

ज्या रात्री कळलं ती रात्र सांगतो. दीड वाजलेला, हेडफोन कानावर. काही सुचेना म्हणून नंबर बॉक्स धरून एकेक हर्ट्झ वर सरकवत होतो. 2094, 2095, 2096. वरचा सूर किंचित चढत होता आणि खालची घरघर उतरत होती. मी वर जातोय आणि तो खाली येतोय! 2098 ला तो इतका खाली गेला की नुसता थरथराट उरला. 2100 वर सगळं शांत. एकदम स्वच्छ, काचेसारखा सूर. 2101 केलं, पुन्हा थरथर सुरू. मी तिथेच कागद ओढला आणि 44,100 ला 2100 ने भागलं. बरोबर 21. बाकी शून्य.

झालं होतं ते असं. फेझर 1 वरून 0 वर एका सॅम्पलमध्ये उडी मारतो. त्या टोकदार उडीत हार्मोनिकांना, म्हणजे मूळ सुराच्या पटींना, अंतच नसतो, पण 44,100 च्या सॅम्पल रेटला जागा त्याच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे 22,050 पर्यंतच. 2093 चा दहावा हार्मोनिक 20,930 ला, तो मावतो. अकरावा 23,023 ला जातो आणि घडी पडून 21,077 ला परत येतो. अशा घड्या पडत पडत एकविसावा, म्हणजे 43,953 वाला, 44,100 पासून जेवढा लांब आहे तेवढ्यावर येऊन बसतो: 147 हर्ट्झ. 147 म्हणजे खालच्या सप्तकातली पांढरी दोन. त्याचा जोर मूळ सुराच्या एकविसाव्या हिश्श्याचा, पण इतका बेसुरा आणि इतका खाली की तयार कान त्याला पकडणारच. काकांनी पट्टीसकट पकडला होता.

आणि 110 वर हा घोळ का कळत नाही? तिथे 200 हार्मोनिक मावतात. 201 वा घडी पडून आत येईतो त्याच्यात जीव उरत नाही. सरांचं प्रात्यक्षिक 110 वरच का होतं, ते मी तुमच्यावर सोडतो.

मी हे सगळं लिहून सरांना पाठवलं. उत्तर नाही. पुढच्या तालमीला गेलो तर सर स्वतः हजर, त्यांचा हार्डवेअर सिंथ टेबलावर, आणि दिग्दर्शिकेला सांगत होते, "मुलगा हुशार आहे, बेसिक कच्चं आहे." नाटकाला तो सिंथ भाड्याने लागला. या घड्या पडण्याला एलियासिंग म्हणतात. त्यावर स्टिल्सन आणि स्मिथ यांचा निबंध 1996 मध्ये आला. मिलर पकेट यांनी प्युअर डेटा जगापुढे मांडलं तेही 1996 मध्येच. म्हणजे रोग आणि औषध एकाच वर्षीचे, आणि मला सांगितलं गेलं की डिजिटल असंच वाजतं.

तर तुम्ही काय करायचं? (नावांपुढची ती लाटेची खूण मी इथे लिहीत बसत नाही.)

सगळ्यात सोपं म्हणजे वेव्हटेबल. ॲरेला साइनसमचा मेसेज द्या: पहिला हार्मोनिक 1, दुसरा 0.5, तिसरा 0.333 असं उतरत. प्रत्येक सप्तकाला वेगळी टेबल करा आणि टॅबऑस्क-फोरने वाजवा. माझ्या त्या सुराला दहा हार्मोनिक पुरतात, अकरावा टाकायचाच नाही. एका टेबलवरून दुसरीवर जाताना क्रॉसफेड करा, नाहीतर सप्तक ओलांडताना आवाजाचा रंग खटकन बदलतो.

ओव्हरसॅम्पलिंग करणार असाल तर माझे दोन दिवस जिथे गेले ते ऐका. सबपॅचमध्ये ब्लॉक 64 1 8 लिहिलं की आतलं सगळं आठपट वेगाने चालतं, हे खरं. पण बाहेर पडताना प्युअर डेटा मधली सॅम्पल नुसती फेकून देतं, गाळत नाही. गाळणी आउटलेटच्या आधी तुम्हीच लावायची, आणि तिथे एकटा लॉप, म्हणजे साधा लो-पास, काही कामाचा नाही, तो फार हळू उतरतो. बायक्वाड एकापुढे एक लावा.

मी शेवटी पॉलीब्लेपवर थांबलो. फेझर तोच ठेवायचा आणि उडीच्या आधीचं व नंतरचं सॅम्पल थोडं वाकवून ती उडी गोल करायची. एक्सप्र ऑब्जेक्टमध्ये चार ओळींचं काम. घरघर पूर्ण मरत नाही, पण काकांच्याही कानाला लागत नाही. एक चूक करू नका: सूत्रात 44,100 हाताने लिहू नका, सॅम्पलरेट ऑब्जेक्टकडून घ्या. मी हाताने लिहिलं होतं, आणि मित्राच्या 48,000 वर चालणाऱ्या मशीनवर पॅच उघडला तेव्हा पुन्हा फजिती झाली.

स्क्वेअर हवा म्हणून फेझर 0.5 पेक्षा मोठा आहे का एवढंच तपासू नका, ती पण तीच टोकदार उडी. दोन दुरुस्त सॉटूथ घ्या, एकाची फेझ सरकवा आणि वजा करा.

स्लायडर थेट आवाजाच्या गुणकाला जोडू नका. मधे लाइन टाका, 20 मिलिसेकंदांची, नाहीतर चेन ओढल्यासारखी किरकिर येते. ऊब हवी असेल तर दोन ऑसिलेटर अर्ध्या-पाऊण हर्ट्झने वेगळे ठेवा. बाकी फाइल वेळोवेळी सेव्ह करा, हेडफोन लावण्याआधी आवाज कमी करा, हे मी सांगायला नको.

पुस्तक हवं असेल तर पकेट यांचं 'द थिअरी अँड टेक्निक ऑफ इलेक्ट्रॉनिक म्युझिक' वाचा, दहावं प्रकरण. वाचायला फुकट आहे. प्युअर डेटाही फुकट आहे. मी साडेचार आणि अठरा असे साडेबावीस हजार मोजले ते कशासाठी, हे विचारू नका.

कोणताही ऑसिलेटर बनवला की आधी वर न्या. 44,100 च्या सॅम्पल रेटवर 2093 टाका, मग हळूहळू 2100 पर्यंत सरकवा. काही खाली उतरताना ऐकू आलं तर पॅच अजून झालेला नाही.

काकांकडे मी नंतर पेढे घेऊन गेलो. त्यांनी पुन्हा सूर वाजवायला सांगितला, डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "आता गेला तो." सरांचा फोन अजून आलेला नाही. साउंड कार्ड विकायला आहे, निम्म्या किमतीत. त्याच्यात काहीच दोष नव्हता.