आभाळाची खिडकी

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे शहर यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या जुन्या भागात शिरताच मागांचा खडखडाट कानी पडतो. गल्ल्या अरुंद, रहदारी दाट आणि घरे एकमेकांना खेटून उभी! अशा घराला बाजूंनी खिडक्या ठेवता येत नाहीत. कारण तेथे शेजाऱ्यांच्या भिंती असतात. उजेड येतो तो केवळ पुढून आणि मागून. मधली खोली मात्र भर दुपारीही काळोखी राहते. दिव्यावाचून तेथे मुलांना पुस्तक वाचता येत नाही व कोंदट हवेने जीव घाबरा होतो.

या अडचणीवरचा उपाय फार जुना आहे. तो म्हणजे घराच्या मध्यभागी ठेवलेला उघडा चौक. पुण्यातील विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने इ. स. १८०७ च्या सुमारास बांधला. त्यात असे तीन चौक आहेत. चौकातून उजेड थेट मधल्या खोल्यांत पोचतो. तापलेली हवा हलकी होऊन वर निघून जाते आणि तिच्या जागी बाहेरची ताजी हवा येते. कोकणपट्टीच्या दमट हवेत असा वारा खेळता राहिला, म्हणजे घाम वाळतो व अंगाला गारवा वाटतो. शिवाय रस्त्यावरचा गोंगाट बराचसा बाहेरच राहतो.

‘परंतु वाडे श्रीमंतांचे, लहान घराला चौक कसा परवडावा?’ असे कोणी विचारील. त्याने थोडे गणित करावे. वीस फूट रुंद व साठ फूट लांब जागेत आठ फूट रुंद व दहा फूट लांब चौक ठेवला, तर एकूण जागेचा केवळ पंधरावा भाग खर्ची पडतो. मात्र भोवती मजल्यांवर मजले चढवले, तर चौकाची विहीर होते आणि उजेड तळाशी पोचत नाही. तसेच पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी जमिनीला उतार व मोरी हवीच.

घर याहूनही लहान असेल, तर अनेकांनी मिळून एक चौक राखावा. ठाणे जिल्ह्यातच, नवी मुंबईतील बेलापूर येथे, वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात अशी वसाहत उभारली. तेथे सात घरांच्या मध्ये आठ मीटर लांब व तितकाच रुंद चौक योजला. अशा तीन समूहांच्या मध्ये त्याहून मोठा चौक ठेवला. सामान्य मिळकतीच्या कुटुंबांनाही त्यामुळे अंगण लाभले.

दाटीच्या शहरात उघडी जागा दिसली, की तिच्यावर छप्पर घालण्याचा मोह होतो. त्याने एक खोली वाढते. पण साऱ्या घराचा उजेड हरवतो. रिकामी ठेवलेली प्रत्येक जागा वाया जात नाही, हेच चौक आपल्याला शिकवतो.

अभ्यास
१. दाटीच्या वस्तीतील घराची मधली खोली काळोखी का राहते?
२. चौकामुळे घरातील हवा कशी खेळती राहते?
३. ‘चौकाची विहीर होते’ याचा अर्थ स्पष्ट करा.