अतिसूक्ष्म पदार्थ : सौर पॅनेल व हिवतापाची तपासणी

शेतातील सौर पंपाचे निळसर पॅनेल आणि आशा कार्यकर्तीजवळ असणारी हिवतापाच्या जलद तपासणीची पट्टी या दोन वस्तूंत वरवर पाहता काहीच साम्य दिसत नाही. परंतु नॅनोमीटरच्या मापाचा अतिसूक्ष्म पदार्थ दोहोंतही काम करीत असतो. त्याचे स्वरूप व निगा यांची माहिती ग्रामसेवकांनी करून घेणे व ती शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे.

माप आणि गुणधर्म

एका मिलिमीटरचे 10 लाख समान भाग केले असता त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर होय. गुळाचा खडा पाण्यात सावकाश विरघळतो. तोच किसून टाकला तर चटकन विरघळतो, कारण पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. 1 सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग अवघा 6 चौरस सेंटिमीटर असतो. त्याचेच 1 नॅनोमीटर बाजूचे घन पाडले, तर एकूण पृष्ठभाग 6,000 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर भरतो! शिवाय या मापात पदार्थाचा रंगही पालटतो. पिवळ्या सोन्याचे सूक्ष्म कण पाण्यात तांबडे दिसतात. मायकेल फॅरडे यांनी याविषयीचे प्रयोग 1857 मध्ये प्रसिद्ध केले. आकारानुसार रंग बदलणाऱ्या ‘क्वांटम डॉट’ कणांवरील संशोधनास 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सौर पॅनेल

सिलिकॉनच्या उघड्या चकतीवर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे एकतृतीयांश प्रकाश परत फिरून वाया जातो. हे टाळण्यासाठी तीवर सिलिकॉन नायट्राइडचा सुमारे 70 ते 80 नॅनोमीटर जाडीचा थर देतात. पॅनेलचा निळसर रंग या थरामुळेच दिसतो. हा थर काचेखाली सुरक्षित असतो. तथापि पुष्कळ पॅनेलांच्या काचेवर बाहेरूनही असाच एक पातळ थर दिलेला असतो. राख, वाळू किंवा तारेच्या घासणीने काच घासल्यास तो झिजतो, ओरखडे पडतात आणि ऐन पाण्याच्या वेळी पंपाला वीज कमी मिळते.

पेरोव्स्काइट नावाच्या नव्या पदार्थांपासून पॅनेल बनविण्याचे संशोधन मुंबईच्या आयआयटीसह अनेक ठिकाणी चालू आहे. मात्र हे पदार्थ ओलावा व उष्णता यांमुळे लवकर बिघडतात, आणि त्यांतील बहुतेकांत शिसे असते. म्हणून नव्या शोधाची वाट पाहत सिलिकॉनचे पॅनेल घेणे लांबणीवर टाकण्याचे कारण नाही.

हिवतापाची पट्टी

या पट्टीत सोन्याचे सूक्ष्म कण असतात व त्यांना प्रतिपिंडे चिकटविलेली असतात. रक्ताच्या थेंबात हिवतापाच्या जंतूंची प्रथिने असल्यास ती या कणांना धरतात. पुढे पट्टीवरील ठराविक रेषेवर हे कण गोळा होतात व तांबडी रेघ उमटते. सूक्ष्मदर्शक यंत्र नसलेल्या वाडीवस्तीवरही अशा रीतीने रोगाचे निदान होऊ शकते. मात्र पट्टी ओलाव्यात किंवा अति उष्णतेत राहिल्यास प्रतिपिंडे निकामी होतात, खरा रोगी निरोगी ठरण्याचा धोका उद्भवतो आणि उपचारास विलंब होतो.

गावात सांगावयाच्या गोष्टी

1. पॅनेल पहाटे किंवा सकाळी थंड असताना स्वच्छ पाण्याने व मऊ फडक्याने पुसावे. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये.
2. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असल्यास ते काचेवर वाळू देऊ नये. पांढरे डाग बसतात.
3. तपासणीची पट्टी वेष्टनावर छापलेल्या तापमानात ठेवावी व वेष्टन ऐन वेळीच फोडावे. मुदत पाहावी.
4. पट्टीवरील नियंत्रण रेघ उमटली नाही, तर ती तपासणी रद्द समजून दुसरी पट्टी वापरावी.

या पदार्थांचा गुण त्यांच्या सूक्ष्म रचनेत असतो. डोळ्यांना न दिसणारा थर एकदा झिजला, की तो शेतावर पुन्हा चढविता येत नाही. म्हणून निगा पहिल्या दिवसापासूनच राखावी.